शुक्रवारचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, तळाला रबराची पट्टी आणि तिच्यावर कोरलेलं एकच वाक्य : 'अभिलेख उपलब्ध नाही.' अभिलेख म्हणजे कार्यालयाने जपून ठेवलेला कागद. जपून म्हणे! असो, आत्ताच तोंड कडू करत नाही.

नगरपालिकेच्या अभिलेख खोलीतल्या कारकुनाने मला करून घेतलं. लोक रस्त्यांचे, गटारांचे, इमारतींचे कागद मागायला अर्ज करायचे आणि तेच ते उत्तर लिहून त्याची बोटं दुखायची. शिक्केवाल्याने विचारलं, "तारखेची जागा ठेवू का?"

"कशाला? हे उत्तर कधी बदलायचंच नाही," कारकून म्हणाला. दोघे खो खो हसले. मी नवा होतो, मलाही गंमत वाटली.

आमच्या खोलीची रीतच न्यारी. आठवड्याचे अर्ज शुक्रवारी दुपारी एकदम काढायचे आणि धडाधड शिक्के मारायचे. कागद शोधायचा तो नंतर, कोणी फारच मागे लागलं तर. आधी कळस, मग पाया! मोठे साहेब म्हणायचे, "या शिक्क्याने काम किती हलकं केलं!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा एक मावशी अर्ज घेऊन आली. शिवणकाम करणारी होती, मापाची टेप गळ्यात तशीच होती.

"भाऊ, पाण्याच्या टाकीखाली आमचं घर आहे. टाकीचे पोपडे रोज पत्र्यावर पडतात. तुमच्या इंजिनिअरने टाकी तपासली ना? तो अहवाल तेवढा द्या. धाकटी बहीण घर सोडायला तयार नाही. म्हणते, ताई, तुझं आपलं काहीतरीच! कागद दाखवला तर ऐकेल ती."

अहवाल समोरच्याच कपाटात होता. 'टाकी ताबडतोब रिकामी करा' असं त्यात लिहिलंय, हे इंजिनिअरने तो देताना मोठ्याने सांगितलं होतं. कपाटापुढे मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या, एवढीच काय ती अडचण. कारकून उठला होता, खोटं कशाला बोलू? पण मोठे साहेब म्हणाले, "अहो, बसा. एकीला दिला की उद्या सगळी गल्ली दारात येईल." कारकून बसला. शुक्रवारी त्या अर्जावर मी उमटलो.

मावशीने तोच कागद बहिणीला दाखवला. बहीण हसली म्हणे. "बघ, अहवालच नाही. टाकीला काही झालं असतं तर यांनी लिहून नसतं का ठेवलं?"

टाकी भर दुपारी कोसळली. बहीण दारात बसून सदऱ्याला काजं करत होती.

मग काय विचारता! त्या खुर्च्या हलवायला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. अहवाल सापडला, चौकशी झाली, मोठ्या साहेबांची बदली झाली. वरातीमागून घोडं!

मावशी पुन्हा आली, ती बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागायला. अर्ज ठेवून गेली. आणि मित्रांनो, शुक्रवार आला. चौकशी झाली तरी रीत काही सुटली नव्हती. कारकुनाने अर्ज वाचायचं केव्हाच सोडलं होतं. त्याचा हात उठला आणि मी त्या अर्जावरही आदळलो.

उत्तर घ्यायला मावशी आली. कागद तिने दोनदा वाचला.

"भाऊ, नोंद नाही म्हणजे माझी बहीण गेलीच नाही का?" ती म्हणाली. "मग तिला घरी पाठवा की. मी जेवायची थांबलेय."

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, चूक झाली," एवढंच तो पुटपुटला. ती मात्र दाराकडे बघत उभी राहिली, कोणी येणार असल्यासारखी. ते मला बघवत नव्हतं, पण शिक्क्याला डोळे मिटता येत नाहीत.

त्या दिवसापासून मी खालच्या खणात पडून आहे, गंजक्या टाचण्या आणि वाळलेल्या डिंकाबरोबर. रबराला चिरा गेल्यात. त्याचं दुःख नाही. दुःख याचं, की वर टेबलावर नवा शिक्का आलाय, आपोआप शाई घेणारा, आणि वाक्य तेच आहे. शुक्रवारी तो वाजू लागला की मी खाली तळमळतो. मला आवाज नाही, मित्रांनो. तुमच्यातलं कोणी उद्या त्या टेबलाशी बसेल. हात उचलण्याआधी एवढंच करा : समोरचं माणूस काय मागतंय, ते वाचा.