सरांचं ते एक

"मागे कशाला बसलात, पुढे या," सर चष्मा पुसता पुसता म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर त्यांना दिसलं, की शेवटच्या बाकावर बसलेली बाई आपलीच बायको आहे.

वर्गातली सहा-सात मुलं हसली. सिस्टरही हसल्या आणि पुढच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांची उभी हयात दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत गेली होती. नवऱ्याचा तास ऐकायला सवड कधी झालीच नाही. शेजारपाजारचे त्यांना सिस्टर म्हणत आणि नवऱ्याला सर, आणि हळूहळू तीच नावं घरातही रुळली होती. त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आज सरांची पाळी होती. शेवटचा तास तरी ऐकावा म्हणून त्या न सांगताच आल्या होत्या.

सरांनी त्यांचा लाडका विषय काढला. प्राचीन काळचे ते तत्त्ववेत्ते आणि त्यांचं ‘एक’.

"सगळ्याच्या मुळाशी एकच आहे. त्याला देव म्हणा, मंगल म्हणा, काहीही म्हणा, शब्द तोकडाच पडतो. ते असं आहे म्हटलं, की ते तेवढंच आहे असं होऊन बसतं. म्हणून नुसतं एक म्हणायचं. तेही आपल्या सोयीसाठी."

"मग त्यानं जग कशाला केलं, सर?" एका मुलीने विचारलं.

"केलं नाही, झालं. दिव्याचा उजेड पडतो, तो काय दिवा ठरवून पाडतो? ते इतकं काठोकाठ भरलेलं आहे, की ओसंडतं. त्यातून बुद्धी, बुद्धीतून आत्मा, आत्म्यातून हे सगळं. तू, मी, हे मोडके बाक. आणि एवढं निघूनही ते कणभर उणं होत नाही."

"आणि पुढे?"

"जे निघालं ते ओढीनं मागे वळतं, मुळाकडे. ते एक मात्र कुणाकडे वळत नाही. त्याला कशाची कमीच नाही, तर वळेल कशासाठी? ते कुणापासून लांब नसतंच. पाठ आपण फिरवलेली असते."

सिस्टर ऐकत होत्या. इतका मऊ आवाज घरी कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना. नवऱ्याचा अभिमान वाटत होता, आणि नेमक्या त्या शेवटच्या वाक्याला मनात काहीतरी खुपलं. हे वाक्य त्यांनी घरी ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत.

त्यांची मुलगी याच वर्गात बसून शिकली होती. बापाइतकीच हुशार. ती पुढे आपलाच विषय शिकवणार हे सरांनी गृहीतच धरलं होतं. पण तिने शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न ठरवलं. सरांनी आवाज चढवला नाही. "निर्णय तुझा आहे," एवढंच म्हणाले आणि पुस्तक उघडलं. मुलगी बराच वेळ दारात उभी राहिली. बाबा रागावले असते, भांडले असते, तरी तिला चाललं असतं. मग ती गेली. सिस्टर तिच्याकडे जात-येत राहिल्या. सरांपुढे विषय काढला, की ते म्हणत, "दार काही मी बंद केलेलं नाही."

निरोपाचा चहा झाला आणि दोघं पायी घरी निघाली.

"कसा वाटला तास?" सरांनी विचारलं.

"छान. सगळं समजलं. इतकी वर्षं घरात काय चाललं होतं तेही समजलं."

"म्हणजे?"

"पोरगी उद्या परदेशी चाललीय. जावयाला तिकडं काम मिळालंय. संध्याकाळचं विमान आहे. मी सकाळीच जाणार, सामान आवरायला."

सर जागच्या जागी थांबले. "मला नाही बोलली."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी तिला येऊ नको म्हटलं का कधी? दार उघडंच होतं."

चिकटलेली पट्टी ओढण्याआधी ‘आता दुखेल हं’ असं सांगायची सिस्टरांना सवय होती.

"लागेल तुम्हाला, पण बोलते," त्या म्हणाल्या. "दार उघडं टाकून बसणं त्या एकाला शोभतं. त्याला कुणाची कमी नाही. तुम्हाला आहे. जेवताना तिच्या खुर्चीकडे तुम्ही चुकूनही बघत नाही, ते काय मला दिसत नाही? बापाला उठून जावं लागतं, अहो."

सर पुन्हा चालू लागले. सकाळी सिस्टर निघाल्या तेव्हा ते वाचत बसले होते. "जाऊन ये," म्हणाले.

मुलगी चौथ्या मजल्यावर राहायची. जावई लिफ्टवाला आणि घर बिनलिफ्टचं, हा सिस्टरांचा जुना विनोद होता. आज जिना चढताना त्यांना तो आठवलाही नाही. जावई विकलेलं फर्निचर पोचवायला गेला होता. घरभर खोकी पसरली होती.

"बाबांना सांगितलंस?" मुलीने खोक्यावर चिकटपट्टी ओढत विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"वाचत बसलेत."

मुलीने मान हलवली आणि चिकटपट्टी दाताने तोडली.

दुपार कलायला लागली तेव्हा शेजारच्या घराची घंटा वाजली. दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून, वर्गात शोभेल असा स्पष्ट, पण दम लागलेला आवाज.

"माफ करा हं. इथे कुठेतरी माझी मुलगी राहते. नेमकं दार मला ठाऊक नाही. मी कधी आलो नाही तिच्याकडे."

मुलगी भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली. सिस्टर उठल्या नाहीत. मग मुलीनेच जाऊन दार उघडलं.

"बाबा, इकडे."

सर आत आले. अंगात कालच्या तासाचाच कोट होता. "जिने बरेच आहेत," ते म्हणाले.

"खुर्च्या गेल्या सगळ्या. खोक्यावर बसा."

सर बसले नाहीत. त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. शेवटी म्हणाले, "मी काय करू?"

मुलीने एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. चादर ताणून दोघं समोरासमोर उभी राहिली. सरांना पुढचं माहीत नव्हतं.

"आता टोकं घेऊन माझ्याकडे या, बाबा."

सर चालत गेले. टोकाला टोक भिडलं. मुलीने ती धरली, त्यांच्या बोटांसकट, आणि लगेच सोडली नाहीत. मग सर वाकले, घडीची खालची बाजू उचलली, आणि पुन्हा तिच्या हातांशी नेली.

"आणखी आहे का एखादी?" त्यांनी विचारलं.

मुलीने एक बंद केलेलं खोकं पुढे ओढलं, चिकटपट्टी फाडली, आतली नीट घडी घातलेली चादर काढली आणि झटकून उलगडली.