आजोबांची कवळी

चष्म्याच्या दुकानात नाकावर फ्रेम बसवून देताना गिऱ्हाईक मान मागे घ्यायचं, तेव्हा आजोबांना वाटायचं, आपले हात गार असतील. माणूस स्वतःला किती सहज माफ करतो! पण नातीने आपली उशी उचलून आईबाबांच्या खोलीत नेली, तेव्हा मात्र त्यांच्या काळजात चर्र झालं.

"आजोबा, तुझी गोष्ट छान असते. पण तोंडाला वास येतो," ती म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीला आडपडदा कुठला!

आजी गेल्यावर आजोबा मुलाकडे राहायला आले होते. दिवा मालवला की नात कुशीत शिरायची आणि ते तिच्या कानाशी लागून गोष्ट सांगायचे. त्यांच्या एकटेपणाला एवढं एकच औषध लागू पडलं होतं, आणि आता तेच भिंतीपलीकडे झोपायला गेलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माउथवॉशची हिरवीगार बाटली आणली. उठल्यावर चूळ, जेवल्यावर चूळ, दुकानात जाताना चूळ. जीभ पोळली, तोंडाला कोरड पडली, पण गडी हटला नाही. संध्याकाळी नातीसमोर मोठा 'हा' करून दाखवायचे. ती नाक चिमटीत धरून निकाल द्यायची, "आता पुदिन्याचा येतो. आणि मागून तोच."

बाटली भराभर संपताना पाहून सुनेने त्यांना रविवारी दुपारी बेसिनपाशी गाठलं.

"बाबा, रात्री कवळी काढून ठेवता ना?"

आजोबांच्या तोंडातली चूळ तोंडातच राहिली. कवळीचं या घरात कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत. इथे आल्यापासून त्यांनी ती एकदाही काढली नव्हती. शेजारी नात झोपायची, तिच्यासमोर बोळकं कसं उघडं करायचं? म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार!

"तुला कुणी सांगितलं?" चूळ टाकून त्यांनी विचारलं.

"आईंनी. म्हणायच्या, नवी कवळी आली तेव्हा हे माझ्यापासूनसुद्धा दार लावून काढायचे. लाजाळू आहेत, सांभाळून घे." सुनेचा आवाज ओला झाला. "मीच आधी विचारायला हवं होतं. रोज काढून ब्रशने घासायची, रात्री पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही विसावा नको का? आणि उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

आपल्या माघारीही बायको आपली काळजी वाहते आहे, या विचाराने आजोबांचे डोळे भरले. त्यांनी कवळी काढून सुनेच्या हातात दिली.

तेवढ्यात नात दारात आली. त्यांनी झटकन तोंडावर हात धरला. तिने दोन्ही हातांनी तो ओढून खाली केला आणि बोळक्याकडे टक लावून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही गं. गोफ्ट फांगू?"

ती खो खो हसली. याच हसण्याची आजोबांना आजवर धास्ती होती. पण हसता हसता ती त्यांना खोलीत ओढत घेऊन गेली.

"तुला नीट बोलता येत नाही. मी सांगते. एक होता आजोबा. तो लाजायचा."

"मग?"

"मग काय! नातीने त्याला मांडीवर घेतलं," असं म्हणून तिने पलंगावर मांडी घातली आणि ती थोपटून त्यांना बोलावलं.