मागे काय बांधलंय

"ब्रेक अगदी हलका, दादा. पट्टा ताणलेला राहील एवढाच. जोरात दाबलास तर पट्टा तुटून थेट तुझ्या काचेवर येईल," असं म्हणत मी गाडी ओढायच्या पट्ट्याचं टोक माझ्या पिकअपच्या हुकात अडकवलं.

"आणि वळणावर?"

"स्टेअरिंग दगडासारखं जड लागेल. दोन्ही हातांनी धर. बाकी मी बघतो."

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, धंद्यानं शिंपी. वडील लवकर गेले. माझ्या शाळेच्या चड्डीपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं त्याच्याच मशीनवरून उतरलेलं. स्वतः कायम इस्त्रीत. अडुसष्टाव्या वर्षीही पँटची घडी अशी की बोट कापेल. गल्लीत त्याला 'इस्त्री' म्हणतात आणि त्याला ते मनातून आवडतं. बंद पडलेली गाडी गॅरेजला न्यायची, तरी त्या दिवशी तो फिकट राखाडी पँट घालून आला होता.

त्याची गाडी म्हणजे एक जुनी, काडेपेटीएवढी मोटार. इंजिनाचा बेल्ट तुटला होता, आणि पंधरा दिवस उभी राहून बॅटरीही पार उतरली होती. म्हणजे ना दिवे, ना हॉर्न. तिची नस ओळखणारा मेकॅनिक बावीस किलोमीटरवर. "क्रेन मागवू या" असं वहिनी म्हणत होत्या. मीच हट्टाला पेटलो. दाराशी एवढा हत्ती बांधलाय तो कशाला, म्हटलं!

निघायच्या आधी दादानं मला बाजूला घेतलं. वहिनी ऐकत नाहीत ना ते आधी बघितलं.

"ऐक ना. मला मध्ये एकदा थांबावं लागेल."

"कशाला?"

"अरे... डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. लघवीला लागली की धरवत नाही आता. पाच मिनिटंसुद्धा नाही." तो माझ्याकडे न बघता पट्ट्याकडे बघत बोलत होता. "हॉर्न तर नाही. फोन हिच्याकडेच असतो. मी हे फडकं खिडकीतून दाखवीन. दिसलं की थांब."

मशीन पुसायचं पिवळं फडकं होतं. तेसुद्धा धुऊन, घडी घालून आणलेलं.

"दादा, तू निर्धास्त राहा. मी आहे ना!" मी म्हणालो.

मी आहे ना. आजही ते शब्द आठवले की कानशिलं तापतात.

आता पिकअपबद्दल सांगतो, कारण सगळी माती तिच्यापायीच खाल्ली. डिझेलची, चार दारांची, मागे हौदा असलेली, सेकंडहँड. कंपनीच्या यादीतलं हे मधलं मॉडेल. वरच्याला मागचं दाखवणारा कॅमेरा असतो, खालच्याला काहीच नसतं, मधल्याला कॅमेऱ्याची जागा असते पण कॅमेरा नसतो. मी वजनमाप खात्यात काटे तपासतो. ऑफिसात मला 'तराजू' म्हणतात. दुकानदाराच्या काट्यात दोन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर मला कळतात. अशा माणसाला एवढ्या धुडाचं काय काम? बायको म्हणायची, "घरात माणसं दोन, आणि ही ओढणार काय? माझी भाजीची पिशवी?" मी म्हणायचो, "अगं, तीन टन ओढते! मागे काय बांधलंय ते कळतसुद्धा नाही!" हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं होतं की मी तोंड उघडलं की ऑफिसातली पोरंच ते पूर्ण करायची. पण खरं म्हणजे त्या दिवसापर्यंत मी मागे काहीच बांधलं नव्हतं.

म्हणून तर मी हेडक्लार्कना बोलावलं. त्यांनाही असलीच गाडी घ्यायची होती. लोकांना मी सांगितलं की ते वाटेत भेटले. खोटं. आदल्या दिवशी मीच फोन करून म्हटलं होतं, "या फाट्यावर. ओढताना बघा, मग ठरवा."

फाट्यापर्यंत मी शहाण्यासारखा गेलो. दर मिनिटाला आरशात बघत होतो. मागे ती काडेपेटी, तिच्यात ताठ बसलेला दादा, दोन्ही हात स्टेअरिंगवर. फाट्यावर हेडक्लार्क चढले, आणि माझी मान जी डावीकडे वळली ती वळलीच. त्यांना गिअर दाखव, बटणं दाखव, एसीचा झोत दाखव. मग चढ लागला.

"अहो तराजू, खरंच मागे गाडी आहे?" हेडक्लार्क म्हणाले.

"आहे तर! तिसऱ्या गिअरमध्ये चढतेय बघा. मागे काय बांधलंय ते कळतसुद्धा नाही!"

"कमाल आहे बुवा!"

आणि तेव्हा, पट्टा बघावा म्हणून, मी उजव्या आरशात नजर टाकली. खिडकीतून हात बाहेर आलेला, कोपरापर्यंत, आणि हातात पिवळं फडकं. तो ते जोरात हलवत नव्हता. नुसतं धरून होता.

मी पाहिलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, पण पाहिलं.

थांबलो का नाही? कारण क्लच जुना होता. मला माहीत होतं, हेडक्लार्कना नव्हतं. भर चढावर थांबलो असतो तर पुन्हा उचलताना गाडी थरथरली असती, जळका वास सुटला असता, आणि माझ्या तीन टनांचा पचका झाला असता. म्हटलं, चढ संपू दे, वर सपाटीला थांबू. चढ संपला. पण तेवढ्यात हेडक्लार्क विचारत होते की डिझेल किती खाते, आणि मी रंगात आलो होतो. मग उतार लागला, उतारावर थांबणं धोक्याचं. मग म्हटलं, आता चारच किलोमीटर राहिले, गॅरेजातच जाईल की. त्यानंतर मी आरशात पाहिलंच नाही. विसरलो म्हणून नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून.

गॅरेजच्या दारात मी उडी मारून उतरलो. हेडक्लार्क हुक बघायला मागे आले. दादा काच वर करून आत बसलेला.

"दादा, उतर ना. आलो बघ! चहा घेऊ."

"तू हो पुढे. आलोच मी."

मेकॅनिक आला. "काका, उतरा, गाडी आत ढकलायचीय."

"मी बसतो की. स्टेअरिंग कोण धरणार?" दादा म्हणाला.

आम्ही तिघांनी ढकलत गाडी आत, पार कोपऱ्यात नेली. तरी तो दोन-तीन मिनिटं आतच. मग दार उघडलं. तो उतरला तेव्हा पँट पुढून गुडघ्याच्या खालपर्यंत ओली गच्च होती. शर्टाचा खालचा भागही भिजलेला. हातात पाण्याची रिकामी बाटली.

"बाटली सांडली रे," तो म्हणाला. "झाकण नीट लागलं नव्हतं."

घरून निघताना वहिनींनी भरून दिलेली ती बाटली. चुकून सांडलेल्या पाण्यानं माणूस शर्टापासून गुडघ्याखालपर्यंत, दोन्ही पायांवर सारखा कसा भिजेल? मी काटे तपासणारा माणूस. मला एका नजरेत हिशेब लागला. त्यानं ती स्वतःच्या अंगावर ओतली होती.

हेडक्लार्क बिचारे सरळ मनाचे. ते मोठ्यानं हसले. "काय हो काका! लहान पोरासारखं!"

आणि मीही हसलो.

का हसलो ते मला आजवर सांगता आलेलं नाही. दादाचं खोटं खरं वाटावं म्हणून हसलो, असं मी स्वतःला समजावतो. पण ते हसू माझ्या तोंडून फार सहज निघालं होतं. दादाही हसला. रिकाम्या बाटलीचं झाकण त्यानं घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. धरणीमाय, पोटात घे, असं म्हणतात ना? माझ्या पायाखाली गॅरेजची फरशी होती, ऑइलनं काळी झालेली. ती कुठली दुभंगतेय!

गाडी दोन दिवस तिथेच राहणार होती. परत निघताना मी पुढचं दार उघडून धरलं. हेडक्लार्क शहाण्यासारखे मागच्या सीटवर सरकले.

"नको. सीट ओली होईल. मी हौद्यात बसतो," दादा म्हणाला.

"अरे दादा, काहीतरीच काय! पुसून घेईन मी."

"वाऱ्यावर पँट वाळेल रे. आणि तुझ्या गाडीची मजा मला कुठे घ्यायला मिळाली?"

मी हात धरला तर त्यानं तो हळूच सोडवून घेतला. अडुसष्ट वर्षांचा माणूस चाकावर पाय देऊन हौद्यात चढला आणि स्टेपनीवर बसला, आमच्याकडे पाठ करून. बावीस किलोमीटर मी आरशातून नजर हलवली नाही. दिसत होती फक्त त्याची पाठ आणि वाऱ्यानं उडणारे पांढरे केस. हेडक्लार्क काहीबाही विचारत होते, मी हूं हूं करत होतो. फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "छान आहे हो गाडी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी वहिनी दारातच होत्या. "अगं बाई! हे काय? आणि मागे का बसलात? भाऊजी, काय झालं?"

माझं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "बाटली सांडली माझ्या हातून. यानं बिचाऱ्यानं वाटेत दोनदा थांबून विचारलं, थांबायचंय का म्हणून. मीच नको म्हटलं."

"पण पँट तरी तिथे..."

"झालं ना आता? पाणी तापव." असं म्हणून तो मोरीत गेला. आतून बराच वेळ कपडे चोळल्याचा आवाज येत होता. त्याचे कपडे वहिनीच धुतात, चाळीस वर्षं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधू लागलो.

महिनाभर मी त्या घराकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी धीर करून गेलो. दादा मशीनवर होता, कुणाच्या तरी पँटला चेन लावत होता. फडकं मशीनच्या दांडीवर, नेहमीसारखं घडी घालून.

"दादा, त्या दिवशी चढावर... ते फडकं..."

"समोरून ऊन होतं तुझ्या," मशीन न थांबवता तो म्हणाला. "उन्हात आरशात काही दिसत नाही."

त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं. ऊन औषधालाही नव्हतं. आणि आरशाचं एक असतं. गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. आरशात मागचा माणूस तुम्हाला दिसला, की त्यालाही तुमचे डोळे दिसतात. दादानं माझे डोळे पाहिले होते. मी बघितलं, आणि मान पुढे वळवली, हे त्यानं चार हातांवरून पाहिलं होतं.

"तसं नाही दादा, मी..."

"दोरा दे रे तो. काळा," तो म्हणाला. मी दोरा दिला. चहा झाला. निघताना त्यानं माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण पाहिलं आणि अंगावरच टाचून दिलं, लहानपणी द्यायचा तसं. मी श्वास रोखून उभा राहिलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी कामासाठी त्याच रस्त्यानं चाललो होतो. भर चढावर, रस्त्याच्या कडेला, एक क्रेन उभी दिसली. तिच्या पाठीवर ती काडेपेटी. पुन्हा बंद पडली होती तर! मला फोन आला नव्हता. का यावा?

मी तिला ओलांडून पुढे गेलो आणि पंचवीस-तीस पावलांवर थांबलो. उतरायचं धाडस झालं नाही. आरशात बघत बसलो.

क्रेनचा ड्रायव्हर, कोण कुठला परका माणूस, भर चढावर इंजिन बंद करून खाली उभा होता. चाकाला दगड लावलेला. झाडीकडे पाठ केलेली, दोन्ही हात मागे बांधलेले, समोरच्या मोकळ्या माळाकडे असा बघत होता की जणू तिथे काही मोठं चाललंय. बराच वेळ गेला. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मग झाडीतून दादा आला. पांढरी पँट, घडी जागच्या जागी. ड्रायव्हरनं दार उघडून त्याला हात दिला. दादा काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

वर बसल्यावर दादाची नजर समोर गेली. माझी पिकअप त्याच्या ओळखीची. आणि आरशात त्याला मी दिसलो असणारच.

खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, कोपरापर्यंत, मोकळा. थांबू नकोस, जा पुढे, अशी त्यानं खूण केली.

या वेळी मी लगेच ऐकलं.