रोबुस्तियानोबाबाची वजनं

एलिएसेरने एकशे चाळीस किलो छातीवरून वर ढकलले आणि सांतियागोतली आमची अख्खी गल्ली नाचली.

असं काही घडलेलं नाही. आता गोष्ट सांगतो.

आमची व्यायामशाळा म्हणजे क्लोतिल्देमावशीचं परसू. बार ट्रकच्या आसाचा, आणि वजनं आम्हीच साच्यात काँक्रीट ओतून केलेली. लोखंडी वजनं मिळणार कुठून? ओतलं, सुकलं, वर रंगाने 'वीस' लिहिलं की ते वीस. आकड्यावर शंका घ्यायची पद्धत आमच्यात नाही. रंगवणाऱ्याला वाईट वाटतं.

एलिएसेर माझा मावसभाऊ. दिवसभर सिमेंटची पोती वाहायची आणि संध्याकाळी विरंगुळा म्हणून काँक्रीट उचलायचं, असा त्याचा दिनक्रम. नाताळापासून गडी शंभर किलोवर अडकला होता. शंभर जायचे. त्यावर माशी बसली की बार छातीवर.

त्याची बहीण मायदेलिस दवाखान्यात लोकांचे खांदे-गुडघे दुरुस्त करते. ती म्हणायची, "अरे गाढवा, रोज तेच वजन, रोज जीव जाईस्तोवर! दोन आठवडे निम्म्यावर ये. झोप, नीट जेव. मग थोडं थोडं वाढव."

"ताई, निम्मं वजन बायका उचलतात."

"बायका उचलतात म्हणूनच त्यांचं वाढतं."

अशात रोबुस्तियानोबाबा उगवला. पांढरा सदरा, तोंडात सिगार. कुठल्या पंथाचा, विचारू नका. क्लोतिल्देमावशीच्या देव्हाऱ्यातले देवसुद्धा त्याला ओळखत नव्हते.

एलिएसेरच्या दंडावर धूर सोडून बाबा म्हणाला, "पोरा, तुझ्या हातात दोष नाही. दोष वजनांत! या काँक्रीटला दृष्ट लागलीय. त्यातली वाळू रडते आहे. ऐकू येतंय?"

आम्ही कान लावला. आम्हाला शेजारचा डोमिनोचा डाव ऐकू आला. पण लोक म्हणाले, रडतेय खरी.

बाबाने वजनं हातगाडीवर घालून धुरी द्यायला घरी नेली. जाताना क्लोतिल्देमावशीचा बंद पडलेला फ्रिजही नेला. त्यालाही दृष्ट लागली होती म्हणे. वजनं परत आली ती पांढरी शुभ्र, वर नवे कोरे आकडे. सोबत दोन नियम. उचलताना मागे आधाराला कोणी उभं राहायचं नाही, शक्ती फाटते. आणि वजनांना पाणी लागू द्यायचं नाही, आशीर्वाद विरघळतो.

मग पहिल्या ओळीत जे घडलं नाही, ते घडलं. एकशे चाळीस! एलिएसेर उचलता उचलता गाणंही म्हणाला.

गल्ली वेडी झाली. क्लोतिल्देमावशी एका हातात कॉफीचा पेला आणि दुसऱ्या काखेत वीस किलो घेऊन परसात फिरल्या. "मलाही आशीर्वाद लागला गं बाई!" त्यांच्या मांजराने कठड्यावरचं एक वजन ढकलून खाली पाडलं. बाबाने मांजराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मावशींकडून एक कोंबडी घेतली. वजनं हलकी असतील, असं एकालाही वाटलं नाही. वर वीस लिहिलं होतं ना!

दोन आठवडे हे चाललं. मग एलिएसेरने कार्निव्हलच्या स्पर्धेत नाव घातलं. चौकात, खऱ्या लोखंडावर, एकशे चाळीस. मागे आधाराला कोणी नाही, बाबांचा नियम.

मायदेलिसने मला बाजूला ओढलं. "उद्या ते लोखंड याच्या छातीवर पडलं तर बरगड्यांचा चुरा होईल. तू काय करणारेस?"

"टाळ्या," मी म्हणालो.

ती सरळ परसात गेली. बाबा तिथे कोंबडी खात होता, भोवती भक्त. तिने वीसचं वजन उचललं आणि पाण्याच्या पिंपात टाकलं.

"पाणी नको!" बाबा ओरडला.

वजन बुडालं. लगेच वर आलं आणि बदकासारखं तरंगू लागलं.

गल्ली पिंपाभोवती वाकली. शेवटी एकजण हात जोडून म्हणाला, "तरंगायलाही लागलं!"

"पावित्र्य!" बाबाने तेवढ्यात संधी साधली. "जे पवित्र, ते बुडत नाही!"

भक्त गुडघे टेकणार इतक्यात मायदेलिसने हातोडा घातला. बोटभर जाडीचं काँक्रीट फुटलं आणि आतून पिवळट फोम निघाला.

क्लोतिल्देमावशींनी तो हातात घेऊन पाहिला, हुंगला. "अरे मेल्या, हा तर माझा फ्रिज!"

एलिएसेर खाली बसला. "म्हणजे मी किती उचलत होतो?"

"अंदाजे सत्तर."

"आणि गाणं?"

"गाणं तुझं स्वतःचं."

 सकाळी एलिएसेर चौकात गेला, एकशे चाळीस खोडून एकशे पाच सांगितले आणि मला म्हणाला, "मागे उभा राहा. आणि टाळ्या वाजवू नकोस, हात मोकळे ठेव."

लोखंड छातीपर्यंत आलं. थांबलं. माझे हात बारखाली. मग ते कुरकुरत, थरथरत, पण त्याच्याच जोरावर वर गेलं.

गर्दीतून बाबा ओरडला, "बघा! आशीर्वाद!"

"आशीर्वाद कसला?" मायदेलिस म्हणाली. "दोन आठवडे हा नकळत हलकं उचलत होता. थकलेल्या अंगाला उसंत मिळाली. ताकद उचलताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढते. हेच मी फुकट सांगत होते, कोंबडीशिवाय."

तेव्हा मंडळी, जे अडलंय ते का अडलंय, हे आधी विचारा. आणि एखाद्या वस्तूला पाणी लावू नका असं कोणी बजावलं, तर ती आधी भिजवा.

वरील बाबी विचारात घेऊन नगरपालिकेस नम्र विनंती की, यापुढे शहरात होणाऱ्या प्रत्येक चमत्काराने होण्याच्या तीन दिवस अगोदर स्वतः कार्यालयात हजर राहून तपासणी करून घ्यावी, व तपासणीत नापास झाल्यास होऊ नये, असा आदेश तातडीने काढण्यात यावा.