वाटीतले किडे

वाटीतल्या कोमट पाण्यात तीन काळे किडे वळवळले आणि जिन्यात दाटीवाटीने उभी असलेली माणसं मागे सरकली. झाडफूक करणाऱ्या महाराजांनी तान्हीच्या पाठीवर पीठ चोळलं होतं. ते झाडून वाटीत टाकलं, आणि पिठाबरोबर म्हणे रोगच बाहेर आला.

"रक्त पिऊन माजलेत," महाराज म्हणाले. "आमच्या हाताला घाबरतात, म्हणून निघतात. डॉक्टरला कोण विचारतो?"

तान्हीची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायची, म्हणून इमारतीत सगळे तिला काजेवाली म्हणत. दोन-तीन महिन्यांत चारही मजल्यांवर खाज पसरली होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला बारीक पुरळ. अंथरुणात शिरलं की अंग पेटायचं. आठ महिन्यांच्या लेकीचे तळपाय फोडांनी भरले होते, रडून रडून तिचा आवाज बसला होता.

त्या दिवशी महाराजांनी विचारलं, घरात नवीन कोण आलंय? सगळ्यांच्या माना काजेवालीच्या नणंदेकडे वळल्या. नवरा वारल्यावर ती महिन्यापूर्वी भावाकडे राहायला आली होती, आणि काजेवाली कामावर गेली की तान्हीला तीच सांभाळायची.

"हिच्या पायगुणाने आलंय," महाराज म्हणाले. "ही गेल्याशिवाय पोर वाचायची नाही. आणि औषध लावलंत, तर किडे डोक्यात चढतील."

घरी आल्यावर नणंदेकडे न बघताच काजेवालीने सांगितलं, रविवारपर्यंत दुसरी सोय बघा. तेव्हापासून नणंदेने तान्हीला उचलून घ्यायचं बंद केलं. पोर रडली तरी दाराशी उभी राहून लांबूनच चुचकारायची.

शुक्रवारी तान्हीला ताप भरला. फोडांत पू झाला होता. काजेवाली तिला घेऊन पुन्हा महाराजांकडे धावली. यावेळी पीठ झाडताना एक किडा वाटीत न पडता तिच्या पदरावर पडला. तो हलत नव्हता. तान्हीच्या अंगावर चढू नये म्हणून तिने तो मुठीत दाबला आणि आता हा आपल्याला चावणार, अशा भीतीने घरापर्यंत आली.

मूठ उघडली, तर तळव्याच्या घामात तो जरासा वळला. ती फेकूनच देणार होती. पण बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं. नख लावून तिने टोक सोडवलं. तीन पदर सुटले.

दोरा. घट्ट पीळ दिलेला, खळ लावून कडक केलेला काळा सुती दोरा. पाणी लागलं की खळ विरघळते, पीळ सुटतो आणि दोरा वळवळतो. बारा वर्षं तिच्या हाताखालून दोराच गेला होता.

तिने स्वतः तीन तुकडे पिळले, खळीत बुडवून वाळवले आणि संध्याकाळी जिन्यात गेली. खरंच देवाचं असलं तर, हा विचार काही जात नव्हता. तरी सगळ्यांसमोर तिने ते तुकडे महाराजांच्या वाटीत टाकले. किडे वळवळले.

"महाराज, हे माझ्या रिळावरचे आहेत," ती म्हणाली. "तुमचे कुठले?"

महाराजांनी शाप दिला, पिठाची पिशवी काखोटीला मारली आणि जिना उतरले. माणसं मात्र जास्तच भेदरली. किडे खोटे, मग खाज कसली?

उत्तर दवाखान्यात मिळालं. डॉक्टरीणबाईंनी तान्हीची कातडी हलकेच खरवडली आणि काजेवालीला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आठ पायांचा एक गोलसर जीव. नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. कातडीत बीळ करून अंडी घालतो. ही खरूज. एका खोलीत सहा-सहा माणसं अंगाला अंग लावून झोपतात, तिथे ती पसरणारच. बाईंनी फोडांसाठी वेगळं औषध दिलं आणि बजावलं, घरातल्या सगळ्यांनी मलम एकाच दिवशी लावायचं, खाज असो वा नसो. आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. खाज दोन-चार आठवडे रेंगाळेल, म्हणून घाबरून परत कुठल्या महाराजाकडे जायचं नाही.

घरी नणंद पिशवी भरत होती. काजेवालीने ती पिशवी रिकामी केली. नणंदेने बाह्या वर केल्या. मनगटांवर ताजं पुरळ होतं, तान्हीला कडेवर घेऊन घेऊन आलेलं.

"सांगितलं असतं, तर मला त्याच दिवशी घालवलं असतंत," नणंद म्हणाली.

काजेवालीने मलमाची नळी उघडली आणि आधी तिच्या हातांना लावलं.

खरूज कुणाच्या पायगुणाने येत नाही आणि कुणाला घराबाहेर काढून जात नाही. भीती वाटली, तर दवाखान्याची पायरी चढा, आणि शेजाऱ्यालाही सोबत न्या.