एकट्यात कर्कश वाजणारा खोका

साल एकोणीसशे ब्याण्णव. त्या साली माझं तोंड भिंतीकडून माणसांकडे फिरलं, म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे. त्याआधीची तीन वर्षं मी एका दुरुस्तीच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात उभा होतो आणि माझ्यासमोर फक्त भिंत होती. तिच्यावरच्या ओलीच्या डागाचा आकार मला अजून पाठ आहे.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकरचा खोका आहे. उंचीला तुमच्या खांद्याशी लागेन, आणि वजनाला इतका की मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात, तीही कण्हत-कुंथत. माझ्या पोटात आठ स्पीकर आहेत. बास गिटार, म्हणजे जाड चार तारांची, खालच्या सुरांची गिटार, माझ्यातून बोलते. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला स्वतःचा आवाज नाही. माझ्या डोक्यावर ॲम्प्लिफायर ठेवावा लागतो, त्याची वायर माझ्या पाठीत खोचावी लागते आणि कुणीतरी तार छेडावी लागते. यातलं एक जरी नसलं, तर मी नुसतं कपाट. तेही बिनदाराचं.

मला मिस्त्रींनी घडवलं. ते रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे, पण त्यांचे हात मुळात सुताराचे. जाड प्लायवूड त्यांनी स्वतः कापलं, सांधे सरसाने चिकटवले आणि चार दिवस आवळून ठेवले. मग माझ्या आत एक दिवा पेटवून बाहेरून डोळा लावून बघितलं, कुठून उजेड फुटतोय का. फुटला नाही. "आतली हवा आतच राहिली पाहिजे. मग आवाज ठोशासारखा येतो," ते स्वतःशीच म्हणाले. माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर बरीच वर्षं दुसरं झालंच नाही.

कारण गिऱ्हाईक यायचं ते एकटं यायचं. माझ्यासमोर उभं राहायचं, दोन सूर वाजवायचं आणि तोंड वाकडं करायचं. "मिस्त्री, पत्रा वाजतोय हो!" माझ्या शेजारी एकाच मोठ्या स्पीकरचा एक खोका होता, पुढे हवेसाठी गोल भोक असलेला. त्याचा आवाज जाडजूड, मऊ, दुलईसारखा. जो तो त्याच्यावर फिदा. तो विकला गेला की मिस्त्री तसाच दुसरा बनवत. मी तिथेच. शेवटी धूळ बसू नये म्हणून त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धुळीपासून वाचण्यासाठी किती एकटं व्हावं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

त्या साली एक मुलगी दुकानात आली. एकोणीस वर्षांची, हाताला साबणाचा वास. तिच्या बाबांची लाँड्री होती. तिचा मोठा भाऊ गिटार वाजवायचा, भावाचा मित्र ड्रम वाजवायचा आणि ती बास. तिघं मिळून जड, खडखडीत, छातीवर आदळणारं संगीत करायचे. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मिस्त्री म्हणाले, "एकटीच आलीस? त्या दोघांना घेऊन ये. हे एकट्याने ऐकून घ्यायचं काम नाही."

"नको. दादा माझ्या पसंतीला हसतो. मीच निवडणार."

आणि तिने दुलईवाला निवडला. एकटीने वाजवलं, डोळे मिटले, खुश होऊन गेली. मी भिंतीकडे बघत सगळं ऐकत होतो.

दोन महिन्यांनी ती परत आली. मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं तेव्हा म्हणाली, "मिस्त्रीकाका, काल गाण्याच्या मधेच मी वाजवायची थांबले."

"का गं?"

"मुद्दाम. बघू, कुणाला कळतंय का. अख्खं गाणं संपलं. दादा म्हणाला, आज मस्त जमलं."

मिस्त्रींनी हातातली कैची खाली ठेवली.

पुढच्या महिन्यात नगर सभागृहात त्यांचा स्पर्धेचा कार्यक्रम होता. भावाने तिला सांगून टाकलं होतं, तिथेही ऐकू आली नाहीस तर यापुढे आम्ही दोघंच. मनाने तो दुष्ट नव्हता. त्याला खरंच वाटायचं, ती आहे काय आणि नाही काय, एकच.

"रविवारी दुकान बंद असतं," मिस्त्री म्हणाले. "अकराला तिघंही या. सगळं सामान घेऊन. तो खोकाही आण."

रविवारी ते आले. ड्रम वाजवणारा काडीसारखा किडकिडीत होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. मिस्त्रींनी दोन्ही खोके शेजारी-शेजारी लावले. मला फिरवलं. तीन वर्षांनी मी पहिल्यांदा उजेड बघितला, आणि उजेडात ती तीन तोंडं.

"हा फ्रीज कुठून काढलात?" पैलवान म्हणाला. "थंड पाणी आहे का आत?"

"तुला उचलायला लावतो, मग तुलाच लागेल ते पाणी," मिस्त्री म्हणाले. मग ते भावाकडे वळले. "तू भिंतीकडे तोंड करून वाजव. ही मधेच थांबेल. तुला कळलं की तूही थांब. बस, एवढंच."

आधी दुलईवाला. काय सांगू मित्रांनो, दुकानाचं शटर थरथरलं, टेबलावरचे स्क्रू नाचले. पण गिटार आणि ड्रम सुरू झाल्यावर तो मऊ आवाज त्यांच्यात विरघळून गेला, चहात साखर विरघळावी तसा. धाकटी थांबली. हात सोडून उभी राहिली. भाऊ वाजवत राहिला, मान हलवत, मजेत. मिस्त्रींनी घड्याळाकडे बघितलं. दीड मिनिट झालं तरी त्याला पत्ता नव्हता. तिने मान खाली घातली.

मग माझी पाळी. मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर एक काळा ॲम्प्लिफायर ठेवला, आत जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे वाल्व असलेला. तो तापला की मंद नारिंगी दिसायचा. "हे दोघं एकमेकांचे," मिस्त्री म्हणाले. "आणि हे नीट ऐक. खोका जोडल्याशिवाय याला कधी चालू करायचं नाही. याची ताकद बाहेर जायला वाट नसली, तर हा आतल्या आत जळतो."

धाकटीने पहिला सूर छेडला आणि तिचंच तोंड वाकडं झालं. मला सवय होती त्याची. पैलवान म्हणाला, "अरे देवा, बादली वाजतेय!"

"गप. वाजव."

तिघं सुरू झाले. मिस्त्री मधेच भावाच्या ॲम्प्लिफायरकडे गेले आणि त्याचं खालच्या सुरांचं बटण निम्म्यावर आणलं. तो ओरडला, "काका, माझा आवाज पातळ होतोय!"

"होऊ दे. एवढा वेळ तू हिच्या वाटणीचं जेवत होतास."

पुन्हा सुरुवात झाली. मी माझ्या जागेवरून ऐकत होतो आणि मला माझंच नवल वाटत होतं. माझ्यातला जो खरखरीतपणा सगळ्यांना नको होता, तोच गिटारच्या आणि ड्रमच्या मधून वाट काढत पुढे येत होता. एकेक सूर वेगळा, गाठ मारल्यासारखा घट्ट. आणि मग धाकटी थांबली.

भाऊ त्याच क्षणी थांबला. गर्रकन वळला. चेहरा गांगरलेला. पायाखालची फरशी काढून घ्यावी तसा.

"काय झालं? का थांबलीस?"

धाकटीने नाक ओढलं, मग हसली, आणि बोटाने माझ्याकडे दाखवलं.

दुलईवाला दुकानात राहिला आणि मी, काळ्या ॲम्प्लिफायरसकट, लाँड्रीच्या हातगाडीवरून त्यांच्या घरी गेलो. बाबा दारातच होते. म्हणाले, "कपाट आणलंस ते बरं केलंस. चादरी कुठे ठेवू असं झालंय मला." इस्त्रीच्या खोलीत मला जागा मिळाली. सभागृहात आमचा तिसरा नंबर आला. पण कार्यक्रम संपल्यावर एक अनोळखी बाई पुढे येऊन धाकटीला म्हणाली, "तुझंच वाजवणं पोटात जाऊन बसलं बघ." त्या रात्री भावाने मला माझ्या चार चाकांवरून स्वतः ढकलत नेलं, आणि पैलवानाला हात लावू दिला नाही.

सात वर्षं आम्ही एकत्र होतो. माझ्या आयुष्यातलं मोजण्यासारखं तेवढंच.

मग भाऊ जहाजावर नोकरीला लागला. पैलवान दगडाच्या खाणीवर गेला. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. काळा ॲम्प्लिफायर आणि मी, तिला आम्ही दोघंही हवे होतो. तिने टेप लावून जिना मोजला, मग मला मोजलं, मग पुन्हा जिना मोजला. वळणावर मी दोन बोटं जास्त होत होतो. ती माझ्यासमोर बसून राहिली आणि शेवटी काळा ॲम्प्लिफायर पोटाशी धरून एकटीच गेली. डोकं तिकडे गेलं, धड इकडे राहिलं.

अठरा वर्षं, मित्रांनो. माझ्या डोक्यावर चादरींच्या चळती आल्या. माझं एक चाक काढून हातगाडीला लावलं गेलं. पुढचं कापड फाटलं, आत पालीने घर केलं. कुणी मला त्रास दिला नाही. कुणी मला काही विचारलंही नाही. पलीकडच्या खोलीत धुण्याचं मोठं मशीन दिवसभर धाडधाड फिरायचं. मी ऐकायचो. तीच काय ती सोबत. आणि मनात यायचं, तो तिकडे जळला तर नसेल?

दोन हजार सतरा साली बाबांनी लाँड्री बंद करायचं ठरवलं. भंगारवाल्याचा टेंपो दुपारी यायचा होता. सकाळी धाकटी आली. केस पांढरे व्हायला लागलेले, आणि पोटाशी तोच काळा ॲम्प्लिफायर. येण्याआधी तिने तो कारागिराकडून तपासून घेतला होता.

"अगं, हे अजून आहे तुझ्याकडे?" बाबा म्हणाले.

"आहे की. पण तिकडे नेल्यापासून कधी चालू केला नाही. मिस्त्रीकाकांनी सांगितलं होतं ना, खोक्याशिवाय नाही."

म्हणजे तोही अठरा वर्षं गप्प होता. हे मला त्या क्षणी कळलं.

तिने चादरी उतरवल्या, माझी पाठ पुसली, वायर खोचली. काचेतला नारिंगी उजेड हळूहळू आला. तिने सूर छेडला. माझे आठांतले दोन स्पीकर मेले होते. उरलेल्या सहांतून जो आवाज निघाला तो ऐकून बाबांनी कानावर हात ठेवले.

"देऊन टाक गं. पत्रा झालाय त्याचा."

"बाबा, एक काम करा ना. मोठं मशीन लावा."

"रिकामं? कशाला?"

"लावा तर खरं. शेवटचं."

बाबा पलीकडे गेले. मशीन घरघरलं, मग त्याने आपला जुना ठेका धरला. धाडधाड, धाडधाड. धाकटी थोडी थांबली, ठेका ओळखला आणि वाजवू लागली. आणि माझा खरखरीतपणा पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. बाबा आमच्याकडे पाठ करून मशीनवर हात ठेवून उभे होते, त्याला निरोप देत असावेत.

मधेच धाकटीने वाजवणं थांबवलं.

बाबा वळून दारात आले. मशीन मागे तसंच चालू होतं.

"काय गं? का थांबलीस?"

दुपारी टेंपो आला आणि मशीन घेऊन गेला. मला नाही.

आता प्रत्येकाचं काय झालं ते सांगतो. मिस्त्री लाँड्री बंद होण्याच्या सहा वर्षं आधीच वारले. त्यांच्या दुकानात आता चष्मे मिळतात. पैलवानाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि तो आता खरोखर पैलवानासारखा जाड झालाय. भाऊ एका दूरच्या बंदरावर स्थायिक झाला. तो फोन करतो, येत नाही. बाबा धाकटीकडे राहायला गेले आणि दोन वर्षांनी वारले. धाकटी अजून तिसऱ्या मजल्यावरच राहते.

आणि मी तिच्याच इमारतीत, खाली, जिन्याखालच्या जागेत असतो. महिन्यातून एखाद्या रविवारी ती ॲम्प्लिफायर घेऊन तीन मजले उतरते. बाकीचे दिवस मी एकटा असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही उभं असेल, तर त्याची अधूनमधून धूळ पुसा, वायर जोडून बघा. आणि ते एकट्यात कर्कश वाजलं म्हणून लगेच टाकून देऊ नका. एकदा चारचौघांत वाजवून बघा.

मला इथे ठेवताना हमालांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. धाकटीने मला फिरवून घेतलं. तीन चाकांवर मी थोडा डुगडुगतो, पण आता मला जिन्यावरून येणारे-जाणारे पाय दिसतात. कुणाचे कुठले, ते मी ठेक्यावरून ओळखतो.