घासून पुसलेली दहा बोटं

मित्रांनो, मला हात लावण्याआधी बाह्या वर करा. माझा डाग साबणाला सहजी दाद देत नाही, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. मी बोटांचे ठसे घ्यायची जुनी पाटी आहे. जाड काळी काच, खाली मेपलच्या लाकडाची बैठक, वर झाकण आणि सोबतीला एक रबरी रूळ, एवढाच माझा संसार. मेन राज्यातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, शेरीफच्या कचेरीत माझं आयुष्य गेलं.

माझी बैठक होड्या बांधणाऱ्या सुताराने केली आणि मला कामाला लावलं तुरुंगाचे जमादार अल्वा पिंकम यांनी. आमच्याकडे चोर कमी आणि परवाने मागणारेच जास्त. पण मला लाडका दिवस म्हणजे ऑगस्टची जत्रा. मूल हरवलं तर ओळख पटावी म्हणून त्या दिवशी पोरांचे ठसे घेऊन आईबापांना देत. एका वर्षी चार वर्षांच्या ओडेटने माझ्यात बोटांऐवजी नाकच बुडवलं. तिची आई लोरेटा थिबोडो सार्डिन माशांच्या कारखान्यातून तशीच धावत आली होती. लेकीचं नाक पाहून ती पोट धरून हसली. "या पोरीला आपण कधीच अंतर देणार नाही," असं काहीसं ती पुटपुटलीही.

मग ठसे घ्यायचं यंत्र आलं. मला कपाटात, कॉफी गाळायच्या कागदांखाली टाकलं. झाकण लावायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या काचेवर धूळ साचली, पण काच तडकली नव्हती, आणि माझी पाळी पुन्हा येणार याची मला खात्री होती.

ती आली एका एप्रिलमध्ये. कपाटाचं दार नीट लागत नसल्यामुळे मला सगळं दिसत होतं. यंत्रासमोर लोरेटा उभी होती, आता अठ्ठावन्न वर्षांची. कारखाना बंद पडल्यावर ती एका बियाण्यांच्या कंपनीत लागली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती फोनवरून देशभरच्या लोकांना टोमॅटोची कीड कशी घालवायची ते सांगायची. ओडेट लग्न करून पोर्तुगालमध्ये, सेतुबालला राहत होती. काम इथल्या कंपनीचं आणि राहणं तिकडे, असा व्हिसा मिळतो हे कळल्यावर लोरेटाने अर्ज केला. कंपनीचं पत्र, विमा, घराचा करार, सारं जमलं होतं. बॉस्टनच्या पोर्तुगीज वकिलातीतली तारीख नऊ आठवड्यांवर होती. फक्त गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला मिळत नव्हता, कारण पुसट ठसे म्हणून तिचा अर्ज दोनदा परत आला होता.

"पुन्हा लाल दिवा," हवालदार कर्टिस म्हणाला. "बाई, तुमच्या बोटांवर काही उरलंच नाही हो."

"सव्वीस वर्षं मासे कापले रे. मिठाने ठसे खाल्ले, आणि कारखान्याने जाताना परत काही दिले नाहीत." तिने हसायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले. "ऑगस्टमध्ये माझी ओडेट बाळंत होणार. तिला आईची गरज आहे, आणि इथे मी मीच आहे एवढंसुद्धा सिद्ध होईना!"

निवृत्त झालेले अल्वा रोजच्यासारखे फुकटच्या कॉफीला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "लोरेटा, हात बघू. हा लिंबाचा वास कसला?"

"लिंबू, मीठ आणि भांड्यांची पावडर. कचेरीत यायचं म्हणजे हात स्वच्छ नकोत?"

"अगं, कारखाना बंद होऊन चौदा वर्षं झाली!"

"लोकांची नाकं तीच आहेत ना. माझ्या हातांना माशांचा वास येतो म्हणून बँकेतल्या एका बाईने माझ्यासमोर नाकाला रुमाल लावला होता. तेव्हापासून घासल्याशिवाय मी कुठे जात नाही."

"माझी बायकोही हेच करायची," अल्वा म्हणाले. "मिठाने निम्मे खाल्ले, उरलेले तू घासून काढतेस. रेषा परत वर येतात, बाई, त्यांना येऊ तर दे! दहा दिवस गाईच्या सडांना लावतात ते मलम लाव, भांडी घासताना रबरी हातमोजे घाल. आणि लिंबू फक्त चहात!"

मग ते कर्टिसकडे वळले. "त्या कपाटातली माझी म्हातारी काढ बाहेर."

मित्रांनो, म्हातारी म्हणजे मी! त्यांनी मला स्पिरिटने पुसलं. दहा दिवसांनी लोरेटा आली ती हात खिशात लपवून. अल्वांनी वाटाण्याएवढी शाई घेतली आणि रुळाने इतकी पातळ पसरली की काच काळी की शाई काळी ते कळू नये.

"दाबू नकोस. बोट सैल सोड. काम आमचं आहे, तुझं नाही."

तिची बोटं एकेक करून माझ्यावरून फिरली. रेषा बारीक होत्या, मध्ये मासे कापायच्या कात्रीचे व्रणही होते, पण त्या उभ्या होत्या. दहाच्या दहा ठसे कार्डावर उमटले. कर्टिसने भिंग लावून पाहिलं आणि यंत्राकडे पाठ केली. त्याने साबण पुढे केला, तेव्हा लोरेटा आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिली.

"राहू दे. दुकानातून पाव घेऊन घरी जाते, मग धुईन."

"असेच हात घेऊन?"

"असेच!" ती म्हणाली, आणि भर दुपारी रस्ता ओलांडून गेली.

सहाव्या आठवड्यात दाखला आला. जुलैमध्ये ती व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट दाखवायला आली, आणि जाताना तिने माझं झाकण आपल्या हाताने लावलं. सप्टेंबरमध्ये अल्वांना तिचं पत्र आलं. नात झाली होती. खाली लिहिलं होतं, "इथेही सार्डिनच! मीच साफ करते, नुसत्या पाण्याने हात धुते आणि बाळाला घेते. ती अजून एकदाही नाक मुरडून रडलेली नाही."

आता मी टेबलावर असते. मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला ठेवायची तर खुशाल ठेवा, पण झाकण लावून ठेवा. आणि कुणाच्या हाताला त्याच्या कामाचा वास आला, तर नाकाला रुमाल लावू नका. त्याला तो वास घासून काढायला वर्षं लागतात, आणि त्यासोबत तोही थोडा पुसला जातो.